नंबरप्लेट एक, विमानं दोन: १९३० च्या दशकातल्या छोट्या विमानाचा माग कसा काढायचा

आयर्लंडमध्ये ‘इओलर’ नावाचं लाकूड-कापडाचं एक देखणं विमान आहे. दोन इंजिनं, एकावर एक पंख, अंगावर ईआय-एबीआय अशी नोंदणी. एअर लिंगस या आयरिश कंपनीचं पहिलं विमान म्हणून त्याचे फोटो सगळीकडे फिरतात. पण २७ मे १९३६ रोजी डब्लिनजवळच्या बाल्डोनेल तळावरून पाच प्रवासी घेऊन ब्रिस्टलला गेलेलं विमान हे नव्हे. ते खरं पहिलं विमान ३ जून १९४१ रोजी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळच्या समुद्रात गेलं. एका जर्मन हाइन्केल बॉम्बफेकी विमानाने ते पाडलं. वैमानिक आणि पाच प्रवासी, कुणीच वाचलं नाही.

जुन्या विमानांचा नाद असलेल्या मंडळींना असा एखादा विषय हाती घ्यायचा असतो, पण सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. लढाऊ विमानांवर कपाटंच्या कपाटं भरतील इतकं लिहिलेलं आहे. टपाल, प्रवासी आणि औषधं वाहणाऱ्या छोट्या नागरी विमानांचं तसं नाही. त्यांची माहिती पाच-सात ठिकाणी विखुरलेली असते आणि ती जुळवावी लागते. ती कशी जुळवायची, ते या पहिल्या ‘इओलर’च्या उदाहरणावरून बघू. रीत एकदा हाताला बसली की जुहूवरून उडालेल्या विमानांनाही ती लावता येते. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पायरी १: नाव आणि नोंदणी बाजूला ठेवा, कारखान्याचा क्रमांक शोधा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. इथे गफलत झाली की पुढची सगळी मेहनत भलत्याच विमानावर खर्च होते.

गाडीची नंबरप्लेट बदलते, चॅसी नंबर बदलत नाही. विमानाचंही तसंच आहे. कारखान्यातून बाहेर पडताना सांगाड्याला मिळालेला क्रमांक शेवटपर्यंत टिकतो. नोंदणीची अक्षरं मात्र देश बदलला की बदलतात. आपल्या विमानाचा कारखान्याचा क्रमांक ६०७६. हे डी हॅविलँड कंपनीचं डीएच-८४ ड्रॅगन. १९३४ साली त्याला ब्रिटिश नोंदणी मिळाली जी-एसीपीवाय. १९३६ साली ते आयर्लंडला गेलं आणि ईआय-एबीआय झालं. १९३८ साली इंग्लंडला परत आलं, तेव्हा जुनीच अक्षरं पुन्हा मिळाली.

आता दुसरं विमान बघा. तेही ड्रॅगनच, पण क्रमांक ६१०५. त्याची ब्रिटिश नोंदणी जी-एईसीझेड. युद्धात ते सरकारने हवाई दलासाठी ताब्यात घेतलं आणि त्याला एव्ही-९८२ हा लष्करी क्रमांक मिळाला. युद्धातून ते धडधाकट बाहेर आलं. पुढे एअर लिंगसने ते मिळवलं आणि १९८६ च्या सुवर्णमहोत्सवासाठी डागडुजी करून त्याला पहिल्या विमानाचं नाव आणि नोंदणी दिली. त्यात फसवाफसवी काही नाही, पहिल्याच्या आठवणीसाठीच ते केलं होतं. पण इंटरनेटवर फोटोखाली ‘एअर लिंगसचं पहिलं विमान’ एवढंच लिहिलं जातं आणि दोन विमानांची आयुष्यं एकमेकांत मिसळतात. एकाचं युद्ध दुसऱ्याच्या नावावर चढतं.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात कारखान्याचा क्रमांक लिहा. पुढे मिळणारी प्रत्येक माहिती त्या क्रमांकाशी ताडून मगच आत घ्या.

हा क्रमांक मिळवायला ब्रिटिश विमानांसाठी दोन वाटा आहेत. ब्रिटनच्या सिव्हिल एव्हिएशन अथॉरिटीच्या ‘जी-इन्फो’ या संकेतस्थळावर जुन्या नोंदवहीच्या पानांची स्कॅन केलेली चित्रं आहेत. मालक, तारीख, विमानाचा प्रकार, कारखान्याचा क्रमांक आणि नोंदणी रद्द झाल्याची नोंद तिथे सापडते. दुसरी वाट म्हणजे ‘एअर-ब्रिटन’ या अभ्यासकांच्या संस्थेने छापलेल्या उत्पादन-याद्या. दोन्हीकडे बघा. नोंदवहीचं पान अस्सल असतं, पण त्यात कारकुनी चुका असतात. याद्या तपासून केलेल्या असतात, पण त्या नंतरच्या माणसांनी केलेल्या असतात.

नोंदणी रद्द झाल्याची तारीख वाचताना डोकं शाबूत ठेवा. ती कागद हलल्याची तारीख असते, विमान गेल्याची नव्हे. दोन्हींत महिन्यांचा फरक असू शकतो.

पायरी २: विमानाची जात नीट ओळखा

ड्रॅगनचा जन्म एका बसमालकाच्या मागणीतून झाला. एसेक्समध्ये बस चालवणाऱ्या एडवर्ड हिलमनला पॅरिसची हवाई फेरी सुरू करायची होती. त्याच्याकडे एका इंजिनाची फॉक्स मॉथ विमानं होती. त्याच धर्तीचं, दोन इंजिनांचं आणि चालवायला स्वस्त असं काहीतरी द्या, असं त्याने डी हॅविलँडला सांगितलं. नोव्हेंबर १९३२ मध्ये लंडनच्या स्टॅग लेन तळावर पहिलं ड्रॅगन उडालं. १३० अश्वशक्तीची दोन जिप्सी मेजर इंजिनं, प्लायवुडच्या पेटीसारखं धड, कापड ताणलेले पंख. पंखांचा पसारा सुमारे साडेचौदा मीटर, पण इंजिनांच्या बाहेरचा भाग मागे दुमडता येई, त्यामुळे लहान हँगर पुरे. नाकाडातल्या काचेच्या कोठडीत एकटा वैमानिक बसे आणि त्याच्यामागे सहा ते आठ प्रवासी. वेग ताशी १७५ ते १८५ किलोमीटर. ब्रिटनमध्ये अशी ११५ विमानं झाली आणि युद्धकाळात ऑस्ट्रेलियात आणखी ८७.

हे सगळं पाठ करायची गरज नाही, पण दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाच.

एक, ड्रॅगन आणि ड्रॅगन रॅपीड ही वेगळी विमानं आहेत, आणि वर्तमानपत्रं दोघांनाही खुशाल ‘ड्रॅगन’ म्हणत. रॅपीडचे पंख टोकाकडे निमुळते होत जातात आणि चाकांवर जाड विजारीसारखं आवरण असतं. ड्रॅगनचे पंख बुडापासून टोकापर्यंत जवळपास सारख्या रुंदीचे. फोटो कितीही धूसर असला तरी पंखांवरून फरक कळतो.

दोन, ड्रॅगनमध्येही दोन पिढ्या आहेत. पहिल्या ६२ विमानांना खिडक्यांची एकसलग काचपट्टी होती. ६३ व्या विमानापासून, म्हणजे ‘ड्रॅगन २’ पासून, प्रत्येक खिडकीला स्वतंत्र चौकट आली आणि चाकांच्या दांड्यांवर आवरण चढलं. क्रमांक ६००० पासून सुरू होतात, तेव्हा ६०७६ हे दुसऱ्या पिढीतलं. मग १९३६ चा म्हणून दाखवलेल्या एखाद्या फोटोत सलग काचपट्टी दिसली, तर ते आपलं विमान नाही. खाली काहीही लिहिलेलं असो, फोटो सरळ बाजूला ठेवायचा. उलट, चौकटीच्या खिडक्या दिसल्या म्हणून ते आपलंच ठरत नाही, कारण ६१०५ देखील दुसऱ्याच पिढीतलं आहे. तिथे फोटोचं साल ठरवावं लागतं. मागे उभ्या गाड्या, इमारती, माणसांचे कपडे, काहीही चालेल.

पायरी ३: नोकरीची पानं भरा

विमानाचं आयुष्य म्हणजे त्याच्या नोकऱ्या. एका कोऱ्या पानावर डावीकडे सालं आणि उजवीकडे मालक, मार्ग, तळ असे रकाने करा. आपल्या विमानाचं पान साधारण असं भरतं.

१९३४: ब्रिटिश नोंदणी.

मे १९३६: एअर लिंगसची हवाई कंपनी म्हणून नोंदणी २२ तारखेची, म्हणजे पहिल्या उड्डाणाच्या अवघे पाच दिवस आधीची. नव्या कंपनीकडे स्वतःचं विमान नव्हतं. ब्लॅकपूल अँड वेस्ट कोस्ट एअर सर्व्हिसेस या इंग्लिश कंपनीने पैशांची सोय केली आणि दोघांनी मिळून ‘आयरिश सी एअरवेज’ या नावाने सेवा चालवली. विमानाचं नाव इओलर, म्हणजे गरुड.

१९३६ ते १९३८: बाल्डोनेलहून ब्रिस्टल, पुढे लंडनपर्यंत. शिवाय आयल ऑफ मॅन.

१९३८: विक्री, इंग्लंडला परत.

त्यानंतर ग्रेट वेस्टर्न अँड सदर्न एअर लाइन्स, तळ लँड्स एंड (इंग्लंडचं नैर्ऋत्य टोक), मार्ग त्यासमोरच्या समुद्रातली सिली बेटं.

हे पान कशातून भरायचं? सर्वात कमी वापरलं जाणारं आणि सर्वात उपयोगी साधन म्हणजे छापील वेळापत्रकं. त्यातून मार्ग, थांबे आणि भाडी कळतात. कोणत्या दिवशी कोणतं विमान गेलं, ते मात्र वेळापत्रक सांगत नाही. त्यासाठी वर्तमानपत्रं. ब्रिटिश आणि आयरिश जुन्या वर्तमानपत्रांचे डिजिटल संग्रह पैसे भरून बघता येतात, ऑस्ट्रेलियाचा ‘ट्रोव्ह’ फुकट आहे. शोधताना नोंदणीची अक्षरं रोमन लिपीत हायफनसह आणि हायफनशिवाय, दोन्ही प्रकारे टाका. जुन्या छपाईत यंत्र ‘सी’ला ‘जी’ वाचतं, म्हणून तशी चुकीची अक्षरंही टाकून बघा. अक्षरांनी काही मिळालं नाही तर कंपनीचं नाव आणि गावाचं नाव एकत्र टाका.

एक मोह टाळा. पहिल्या उड्डाणाबद्दल पुष्कळ मिळतं: समारंभ, पाहुणे, आशीर्वाद. म्हणून लेखाचा निम्मा भाग त्या एका सकाळीवर जातो. विमानाने पुढची पाच वर्षं रोजची रटाळ फेरी केली, आणि त्याची खरी कमाई तीच होती. सिलीचाच मार्ग घ्या. लँड्स एंडपासून सेंट मेरीज बेट सुमारे ४५ किलोमीटर. ताशी १८० च्या हिशेबाने पंधरा मिनिटं, चढ-उतार धरून वीस. पेन्झान्सहून जहाजाने जायचं तर तासांचा मामला आणि वर समुद्र खवळलेला. बेटावरच्या माणसाला दवाखान्यासाठी, कोर्टासाठी किंवा लग्नासाठी मुख्य भूमीवर जायचं असेल तर ही फेरी किती कामाची होती, हे या आकड्यांवरूनच कळतं. असे छोटे हिशेब स्वतः करून लेखात घाला.

पायरी ४: युद्ध सुरू झाल्यावर विमान कोणाच्या हुकमात गेलं?

सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटनमधली नागरी उड्डाणं थांबवली गेली. नंतर मोजके मार्ग पुन्हा सुरू झाले, त्यांत बेटांचे मार्ग महत्त्वाचे होते. १९४० मध्ये उरलेल्या देशांतर्गत कंपन्यांना एका संयुक्त समितीखाली आणलं गेलं. ग्रेट वेस्टर्न अँड सदर्न तिच्यात होती.

या टप्प्यावर प्रत्येक छोट्या विमानापुढे दोन वाटा होत्या. एक तर ते हवाई दलासाठी ताब्यात घेतलं जाई आणि त्याला लष्करी क्रमांक मिळे, किंवा ते नागरी कामावर राही. पुढची कागदपत्रं कुठे शोधायची, ते यावर ठरतं. लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात ‘एआयआर ८१’ या मालिकेत हवाई दलाच्या हानीच्या फायली आहेत. पुष्कळ जण नागरी विमानासाठीही तिथेच खणत बसतात आणि रिकाम्या हाती परततात. नागरी उड्डाणाचा सरकारी पत्रव्यवहार ‘एव्हीआयए २’ मध्ये आहे. आपलं विमान शेवटपर्यंत जी-एसीपीवाय म्हणून, म्हणजे नागरी म्हणूनच उडत होतं. लष्करात गेलेलं ६१०५ वाचलं आणि भाडं भरलेले प्रवासी नेणारं ६०७६ गेलं, हा योगायोगच. त्यावरून कसलाही सिद्धांत मांडू नका.

पायरी ५: शेवटचा दिवस तीन बाजूंनी लिहा

३ जून १९४१. सेंट मेरीज आणि लँड्स एंड यांच्यामधली फेरी. एक निःशस्त्र ड्रॅगन, समोर ताशी ४०० किलोमीटरच्या आसपास जाणारं, मशीनगन असलेलं हाइन्केल १११. विमान समुद्रात पडलं आणि सहा जण गेले. लगेच हाती लागणारी गोष्ट एवढीच असते. इथून पुढे घाई करायची नाही.

पहिली बाजू कंपनीची आणि बेटाची. पेन्झान्सचं ‘द कॉर्निशमन’सारखी स्थानिक पत्रं बघा, पण सेन्सॉर डोक्यात ठेवून. युद्धकाळात जागा, वेळ, विमानाचा प्रकार मोघम लिहीत किंवा गाळत. बातमीपेक्षा पुढच्या आठवड्यांतल्या निधनवार्ता आणि आभाराच्या जाहिराती जास्त बोलतात.

दुसरी बाजू हवाई दलाची. त्याच वर्षी मे महिन्यात ८७ स्क्वाड्रनची काही हरिकेन लढाऊ विमानं सेंट मेरीजवर आणून ठेवलेली होती. म्हणजे त्या दिवशी बेटावर लष्करी विमानं होती. स्क्वाड्रनची रोजनिशी क्यूमधल्या ‘एआयआर २७’ मालिकेत आहे. आपलं विमान नागरी असलं तरी त्याच दिवसाची, त्याच परिसराची पानं वाचा: हवामान कसं होतं, कोण कधी उडालं, शत्रूचं विमान दिसल्याची नोंद आहे का. नागरी विमानाच्या शोधात बहुतेक लोक ही पानं उघडतच नाहीत.

तिसरी बाजू जर्मन. इथे अपेक्षा बेताचीच ठेवा, कारण जर्मन हवाई दलाचे बरेचसे कागद युद्धाच्या शेवटी जाळले गेले. जे उरलं ते फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहे. एखाद्या पुस्तकात किंवा याद्यांत हल्ला करणाऱ्या तुकडीचं नाव दिसलं, तर ते कशाच्या आधारावर दिलं आहे ते बघितल्याशिवाय उचलू नका.

तिन्ही बाजूंच्या वेळा जुळवताना एक खोच आहे. जून १९४१ मध्ये ब्रिटन ‘दुहेरी उन्हाळी वेळे’वर होता, म्हणजे ग्रीनिचच्या दोन तास पुढे. जर्मनीही त्या काळात ग्रीनिचच्या दोन तास पुढेच होता. तेव्हा इंग्लिश आणि जर्मन घड्याळं त्या दिवशी एकच वेळ दाखवत होती, एरवीसारखा तासाचा फरक धरू नका. तटस्थ आयर्लंड मात्र एकच तास पुढे होता. आयरिश वर्तमानपत्रात वेळ सापडली आणि ती तासाने मागे वाटली, तर कारण हे असू शकतं. अशा नोंदींत प्रत्येक वेळेपुढे ती कुठल्या घड्याळाची, ते लिहा. कुठलं घड्याळ ते कळत नसेल तर वेळ जशी छापली आहे तशी ठेवा, बदलू नका.

पायरी ६: माणसांची नावं

नागरी मृतांसाठी ब्रिटनच्या युद्धस्मृती आयोगाने जिल्हावार यादी केली. सुमारे ६७ हजार नावं, सात खंड, मूळ प्रत वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये. आज ती आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येते. तारीख टाकून शोधलं की एकाच दिवशी समुद्रात गेलेल्यांच्या नोंदी जवळजवळ येतात. जिल्हा मात्र नेहमी घटनास्थळाचाच असेल असं नाही, म्हणून सिली आणि कॉर्नवॉल (लँड्स एंडचा जिल्हा) दोन्हीकडे बघा.

ही यादी सार्वजनिक आहे, तरी घरच्या माणसांची नावं, पत्ते, वारसांचे तपशील लेखात ओतू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. विमानाच्या गोष्टीला त्यांची गरज नसते. घरच्यांपैकी कुणी आपणहून संपर्क साधला तर गोष्ट वेगळी.

पायरी ७: समुद्रात काय उरलं असेल?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. खरं सांगायचं तर फारसं काही नाही. प्लायवुड आणि कापड खाऱ्या पाण्यात टिकत नाही. टिकलीच तर दोन इंजिनं, काही धातूचे जोड. अटलांटिकच्या लाटांच्या तोंडाशी असलेल्या त्या पट्ट्यात ते शोधणं हे हौशी माणसाचं काम नाही. तुमचा वेळ कागदांवरच घालवा.

आता जुहूकडे

हीच रीत आपल्याकडे लावताना पहिली पायरी आणखी कसून पाळा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले. ते विमान डी हॅविलँडचं पस मॉथ, नोंदणी व्हीटी-एडीएन. पुढे टाटांचे सहकारी वैमानिक नेव्हिल व्हिन्सेंट बेल्लारीमार्गे मद्रासला गेले. ५० वर्षांनी, १९८२ साली, जेआरडींनी तीच फेरी पुन्हा केली, पण ती लेपर्ड मॉथमधून, व्हीटी-एकेएच. दोन्ही विमानं एकाच कंपनीची, एकपंखी, बंद केबिनची, त्यामुळे दिसायला भावंडं. पस मॉथचं धड पोलादी नळ्यांचं, लेपर्ड मॉथचं प्लायवुडचं, पण वरून कापड चढवल्यावर हे फोटोत कळत नाही. म्हणून फोटो वापरण्याआधी मोठा करून शेवटची तीन अक्षरं वाचा. १९८२ चं विमान १९३२ चं म्हणून छापलेलं तुम्हाला सापडेल, फार शोधावंही लागणार नाही.

भारतीय नोंदणीत व्हीटी ही अक्षरं १९२९ पासूनची. त्याआधीची विमानं जी-आय अशा सुरुवातीने शोधावी लागतात. कागदांसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं ‘अभिलेख पटल’ हे संकेतस्थळ घरबसल्या चाळता येतं, टाटांच्या विमानांसाठी पुण्यातलं टाटा सेंट्रल अर्काइव्ह्ज आहे, आणि मुंबई सरकारचे जुने कागद एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात. जाण्याआधी पत्र किंवा ईमेल पाठवा. त्यात विमानाचं नाव लिहून थांबू नका. कारखान्याचा क्रमांक, नोंदणी आणि हव्या असलेल्या तारखांचा टप्पा लिहा. नुसतं ‘टाटांचं पहिलं विमान’ म्हटलं तर तिथल्या माणसाला कुठली फाईल काढायची ते कळणार नाही. युद्धकाळात भारतातलीही नागरी विमानं सरकारने ताब्यात घेतली, तेव्हा १९३९ नंतर एखादी व्हीटी नोंदणी अचानक गायब झाली तर लगेच ‘अपघात’ लिहू नका. आधी तिला लष्करी क्रमांक मिळाला का ते बघा.